आवाज बंद करून बघा

नमस्कार मंडळी. प्रास्ताविकात माझी ओळख व्हिडिओग्राफर अशी करून दिलीत, बरं वाटलं. ग्राहकाच्या दारापर्यंत ती ओळख अजून पोचलेली नाही. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन दुकानात शिरले की मालक माझ्या पाठीमागे बघतात आणि विचारतात, "कॅमेरामन मागनं यायलाय काय?" पहिली काही वर्षं राग यायचा. आता सांगते, "आलाय की, चहा सांगा."

माझी सुरुवात लग्नांपासून झाली. 2008 साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला, फोटोच्या कॅमेऱ्यातून फुल एचडी व्हिडिओ निघायला लागला, आणि बघता बघता आमच्याकडच्या मांडवातून खांद्यावरचा टेपवाला कॅमेरा गेला. लग्नाचं एक बरं असतं, गोष्ट आधीच ठरलेली असते. हळद, अक्षता, पंगत, पाठवणी. कॅमेरा फक्त जागेवर हवा. जाहिरातीच्या कामात गोष्टच नसते. मालकाकडे माल असतो, अभिमान असतो आणि मोबाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी व्हिडिओ असतो, "अस्साच पाहिजे" म्हणून दाखवायला.

आता कुंद्याचं, आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं सांगते. बेळगावात या धंद्यात राहून कुंद्याचा व्हिडिओ टाळता येत नाही. कॅमेऱ्यासमोर कुंद्याइतका हट्टी पदार्थ मी दुसरा बघितलेला नाही. जिलेबीला नक्षी असते, पेढ्याला आकार असतो. कुंदा म्हणजे वाटीतला तपकिरी ढीग. समोरून उजेड टाकला तर, खाणाऱ्यांनी माफ करावं, चिखल दिसतो. दिवा मागून आणि जरा वरून आणला की प्रत्येक कणाच्या कडेला तूप चमकतं, मग कुठे तोंडाला पाणी सुटतं. वाफ दोन-चार सेकंदांत जाते. वास तर कॅमेऱ्यात येतच नाही, आणि कुंद्याची निम्मी जाहिरात त्या वासातच असते.

कुंद्याचा व्हिडिओ मागणाऱ्या एका दुकानाच्या मालकांची यादी अशी होती: हार घातलेला आजोबांचा फोटो, दुकानाची पाटी, काजू कतलीसकट सगळा माल, नवीन पॅकिंग मशीन, ड्रोन आणि स्लो मोशन. वेळ तीस सेकंद. तीस सेकंद म्हणजे आमच्या हिशोबात 750 चित्रं, सेकंदाला पंचवीस. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आजोबाच शंभर चित्रं खातात.

ड्रोनचं लवकर मिटलं. सांबऱ्याचं विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र इतक्या जवळ असताना परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, नकाशा काढून दाखवला की लोक ऐकतात. शिवाय वरून कुंदा दिसत नाही, पत्रे दिसतात. स्लो मोशनची गोष्ट मात्र समजावून सांगावी लागते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही. स्लो मोशनसाठी कॅमेरा सेकंदाला 120 चित्रं घ्यायला लागला की मात्र अख्खं दुकान लुकलुकायला लागतं. शंभरावर ठेवलं की शांत होतं. "कॅमेरा खराब हाय काय?" हे मी स्वतःच्या चुकीनं एकदा ऐकून घेतलंय.

मग मी काय केलं? भट्टीपाशी एका जागी कॅमेरा लावला आणि दूध कढईत पडल्यापासून कुंदा उतरेपर्यंत हलवला नाही. आधी उलथनं दुधातून सहज फिरतं, आचारी एका हातानं काम करत गप्पा मारतो. पुढे दुसरा हात लागतो. साखर पडून रंग धरायला लागला की बोलणं थांबतं, खांदा वाकतो, आणि शेवटी अख्खा घाणा उलथन्याबरोबर एका गोळ्यानं फिरतो. यातले चार तुकडे एकापुढे एक जोडले. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, कामगाराचा हात काय दाखवूलालाय? माल दाखवा की." त्यांना तो हात रोज दिसतो, म्हणून दिसत नाही. मी अडून बसले. आजोबा शेवटी दोन सेकंद आले, पाटीही आली, पण हात राहिला.

तो हात ठेवण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते आपल्या भागाचं आहे. इथे एक व्हिडिओ कधीच एक नसतो. मराठीत हवा, कन्नडमध्ये हवा, गोव्याकडून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हिंदीत हवा. मराठी निवेदन तीस सेकंदांत साठेक शब्दांचं बसवावं, तर कन्नडमध्ये तोच मजकूर चार-पाच सेकंद पुढे जातो. मग चित्र ताणा, नाहीतर वाक्य कापा. वाक्य कापलं की कन्नड निवेदक रागावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पडद्यावरच्या अक्षरांचं दुखणं वेगळं. देवनागरीला वर शिरोरेषा, वेलांट्या. कन्नडची जोडाक्षरं खाली उतरतात. एका लिपीसाठी आखलेल्या पट्टीत दुसरी मावत नाही. त्यात सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं सेटिंग चालू केलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात. 'प्रसिद्ध' शब्दाचे तुकडे झालेला एक फलक माझ्या हातून तीन दिवस लोकांपर्यंत जात होता.

आणि पत्ता! 2014 च्या 1 नोव्हेंबरला सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं. मराठी व्हिडिओत मी बेळगाव लिहिते, कन्नडमध्ये बेळगावी. एका मालकांनी दोन्ही बघितले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पत्ताच काढा. फोन नंबर आणि मॅप राहू दे." ते हसत होते की घाबरले होते, मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यातून मी शब्दच कमी करत गेले. लोक नाहीतरी व्हिडिओ बसमध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर, शेजारी मूल झोपलेलं असताना बघतात, आवाज बंद करून. म्हणून मी पहिला कच्चा व्हिडिओ ग्राहकाला नेहमी आवाजाशिवाय दाखवते. तसा कळला नाही तर निवेदक कितीही गोड बोलला तरी उपयोग नाही.

ही युक्ती कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. आपल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत शिकले. लहानपणी रात्रभर जागून गल्लीच्या तोंडावर चित्ररथ बघायचो. स्पीकरवर संवाद असायचे, पण पुढच्या मंडळाचा ढोल आणि मागच्याचा ताशा यांच्यात एक अक्षर ऐकू यायचं नाही. गाडी समोर यायची, मिनिटभर थांबायची, पुढे जायची. तेवढ्यात अफझलखानाचा वध आहे की आग्र्याहून सुटका, हे बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरालाही कळायचं. पेटाऱ्याचं झाकण जरासं उचललेलं असायचं, बस. ज्यानं तो पेटारा बांधला त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पण प्रत्येक वेळी माझंच खरं होतं असं नाही. उद्यमबागेत एका फाउंड्रीचं काम केलं. भट्टीतला लोखंडाचा रस 1400 अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम. रसाला धरून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, लावलं तर शेड काळीठिक्कर, शेडला धरून लावलं तर रसाच्या जागी पांढरं भोक. "परत एकदा ओता" म्हणायची सोय नाही, साचे थांबत नाहीत. मी शेड काळी होऊ दिली. अंधारात केशरी धार, माणसांच्या नुसत्या कडा. मला वाटलं, आयुष्यातलं चांगलं काम झालं. मालक बघून म्हणाले, "क्रेन कुठाय?" मी कलेवर दहा मिनिटं बोलले. त्यांनी शांतपणे सांगितलं की खरेदीला येणारा माणूस आधी क्रेन किती टनांची आहे ते बघतो, त्यावरून त्याला कळतं की इथे केवढं कास्टिंग, म्हणजे केवढा ओतीव भाग होईल. त्यांना गिऱ्हाईक माहीत होतं, मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन क्रेन घेतली. डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा न घातलेल्या कामगाराचा एक फार सुंदर शॉटही तेव्हाच काढून टाकला. तो बघून ऑर्डर जाऊ शकते.

खानापूरच्या पावसाबद्दल थोडक्यात सांगते. मागून उजेड नसेल तर पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही, नुसतं धुरकट दिसतं. होमस्टेवाल्यांना हिरवळ हवी असते आणि चिखल नको असतो. ही मागणी मी वरुणराजाकडे पाठवलेली आहे.

दुरुस्त्यांबद्दल काय बोलू? "जरा जिवंत करा," "लोगो मोठा करा," "आमच्या जावयांनी बघितलं, त्यांना संगीत आवडलं नाही." सिनेमातलं गाणं लावा म्हणतात, आणि कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओचा आवाज गेला की मला फोन. एका संस्थेनं सात वेळा बदल करून घेतले आणि मग पैसेही बदलले, कमी केले. तेव्हापासून दोन दुरुस्त्या ठरलेल्या पैशात, तिसरीपासून वेगळं बिल, आणि निम्मे पैसे कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी. हे कागदावर लिहून दिल्यापासून जावयांची मतंही कमी झाली आहेत.

चिठ्ठी आली, वेळ संपत आली आहे. पडद्याजवळचे दिवे जरा मालवता का? कुंद्याची ती तीस सेकंदं लावते. नाही, स्पीकरची वायर जोडू नका, राहू दे तशीच.