बुडबुडा, ध्वनी आणि तांबडी पेशी

रक्तात मायक्रोबबल, म्हणजे वायूने भरलेले सूक्ष्म बुडबुडे, सोडून वरून अल्ट्रासाउंड दिला तर तांबड्या पेशी फुटतात का, असं नेहमी विचारलं जातं. ध्वनीच्या तीव्रतेकडे वळण्याआधी एक हिशेब करू. सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या सोनोव्ह्यू या द्रव्याच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण 20 ते 50 कोटी बुडबुडे असतात. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू, बाहेर फॉस्फोलिपिडचं पातळ आवरण, सरासरी व्यास अडीच मायक्रोमीटरच्या आसपास. शिरेतून 2.4 मिलीलिटर दिलं आणि ते 5 लिटर रक्तात मिसळलं, की दर मिलीलिटरला एक ते अडीच लाख बुडबुडे पडतात. त्याच मिलीलिटरमध्ये तांबड्या पेशी असतात सुमारे 500 कोटी. म्हणजे वीस ते पन्नास हजार पेशींमागे एक बुडबुडा. प्रयोगशाळेतल्या नळीत मात्र आपण दर मिलीलिटरला एक ते दहा कोटी बुडबुडे घालतो, तेव्हा 500 किंवा अगदी 50 पेशींमागे एक येतो. नळीतला हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा, आकडा जसाच्या तसा रुग्णाला लावणं चूक आहे, ते यामुळे.

हे गुणोत्तर इतकं महत्त्वाचं, कारण बुडबुड्याचा हात फार लांब पोचत नाही. दाब कमी असताना तो लयीत फुगतो आणि आकसतो. त्याच्याभोवती द्रवाचे बारीक भोवरे तयार होतात आणि शेजारच्या पेशीचं पटल, म्हणजे तिचं बाहेरचं पातळ आवरण, ताणलं जातं. पटलाला तात्पुरती छिद्रं पडतात, बरीचशी पुन्हा मिटतात. दाब वाढला की बुडबुडा मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतो आणि भोवतालच्या द्रवाच्या जडत्वाने एकदम कोसळतो. त्या क्षणी आघातलहर निघते, कधी द्रवाची बारीक धार सुटते. लगतची पेशी फाटते, पण काही पेशींपलीकडे मात्र फारसं काही घडत नाही.

ध्वनीने बुडबुडे कोसळण्याची शक्यता दाखवणारा, यंत्राच्या पडद्यावरचा मेकॅनिकल इंडेक्स म्हणजे मेगापास्कलमधला सर्वोच्च ऋण दाब भागिले मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचं वर्गमूळ. निदानाच्या यंत्रांना अमेरिकेत याची मर्यादा 1.9 आहे, बुडबुडे टिकवून चित्र घ्यायचं तर तो 0.2 च्या खाली ठेवतात. प्रयोगाची नोंद करताना केवळ हा आकडा लिहिणं पुरेसं नाही. 1 मेगाहर्ट्झला 0.4 मेगापास्कल दिला तर इंडेक्स 0.4 येतो, मग स्पंद 20 मायक्रोसेकंदांचा असो की 10 मिलिसेकंदांचा. पेशींवरचा परिणाम मात्र या दोन्हींत अगदी वेगळा. वारंवारता, ऋण दाब, स्पंदाची लांबी, दर सेकंदाचे स्पंद आणि एकूण वेळ, ही पाचही मापं लिहा.

आता नळीकडे येऊ. 3 मायक्रोमीटरचा बुडबुडा पाण्यात 10 मिनिटांत सुमारे 3 मिलीमीटर वर चढतो, 10 मायक्रोमीटरचा तेवढंच अंतर मिनिटभरात कापतो. तांबड्या पेशी खाली बसत असतात. नळी सावकाश फिरती ठेवली नाही तर बुडबुडे वर, पेशी खाली, आणि निष्कर्ष निघतो की ध्वनी निरुपद्रवी आहे. उलट चूकही होते: नळीमागे ध्वनी शोषणारं रबर नसेल तर परावर्तनाने स्थिर लहरी तयार होतात, काही जागी दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि पेशी पट्ट्यापट्ट्यांनी गोळा होतात. टाकीतलं पाणी वायुमुक्त हवं, नाहीतर बाहेरच्याच बुडबुड्यांत ध्वनी अडतो. बुडबुड्यांचं द्रव्य बारीक सुईतून जोराने ओढू नका. दाबात फरक पडून ते रक्तापर्यंत पोचण्याआधीच नष्ट होतात.

तुलनेसाठी चार नमुने लागतात: काहीच न दिलेला, फक्त बुडबुडे, फक्त ध्वनी, आणि दोन्ही. शिवाय ऊर्ध्वपातित पाण्याने पूर्ण फोडलेला पाचवा, 100 टक्क्यांसाठी. सेंट्रिफ्यूजनंतर उरलेले बुडबुडे प्लाझ्माच्या वर तरंगतात, म्हणून प्लाझ्मा मधल्या थरातून घ्या. फुटलेल्या पेशींतून त्यात आलेलं हिमोग्लोबिन 540 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात. त्यातूनही बुडबुडे किंवा आवरणाचे तुकडे आले तर प्रकाश विखुरतो आणि हे वाचन फुगतं. 700 नॅनोमीटरवर हिमोग्लोबिन जवळजवळ शोषत नाही. तिथलं वाचन घेतलं की हा घोळ उघड होतो.

गणितातली चूक तर फारच सर्रास आढळते. मुक्त हिमोग्लोबिन फक्त प्लाझ्मात असतं, म्हणून त्याला 100 वजा हिमॅटोक्रिटने (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीने) गुणून एकूण हिमोग्लोबिनने भागायचं. एकूण 14 ग्रॅम प्रति डेसिलिटर, प्लाझ्मात 0.14, हिमॅटोक्रिट 40, तर हिमोलिसिस 0.6 टक्के. हिमॅटोक्रिट विसरलात तर 1 टक्का येतो. रक्तपेढीतल्या साठवणीच्या शेवटी युरोपात 0.8 आणि अमेरिकेत 1 टक्का ही मर्यादा आहे, त्यामुळे एवढ्या फरकाने पिशवी पास की नापास ते ठरू शकतं.

प्लेटलेटचा आकारही 2 ते 3 मायक्रोमीटर. विद्युतरोधावर चालणारा सेल काउंटर उरलेल्या बुडबुड्यांनाच प्लेटलेट म्हणून मोजतो. प्लेटलेटचं उद्दीपन तपासायचं असेल तर ईडीटीएच्या नळीत रक्त घेऊ नका. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेलं हे रसायन कॅल्शियम बांधून टाकतं. पांढऱ्या पेशींनाही पटल सांधायला कॅल्शियम लागतं, म्हणून त्यांचं नुकसान आहे त्याहून मोठं दिसतं. इथे रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य, हेपरिन, बरं.

तात्पुरत्या छिद्रांचा उपयोगही करून घेता येतो. तांबड्या पेशी 4 अंशांना 42 दिवस टिकतात. त्या सुकवून साठवायच्या तर ट्रेहॅलोज ही शर्करा पेशीच्या आत हवी, पण ती आपणहून पटल ओलांडत नाही. अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठात ती अल्ट्रासाउंड आणि मायक्रोबबल वापरून आत घालण्यावर काम झालं आहे. अडचण अशी की ट्रेहॅलोजचा रेणू 342 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आणि हिमोग्लोबिनचा सुमारे 64 हजारांचा. शर्करा जाईल एवढ्या छिद्रातून हिमोग्लोबिन बाहेर पडत नाही, पण पोटॅशियमसारखे आयन ये-जा करतात. छिद्र वेळेत मिटलं नाही तर आतल्या हिमोग्लोबिनच्या ओढीने पाणी शिरतं, पेशी फुगते आणि काही वेळाने फुटते. ध्वनी थांबताच घेतलेल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून प्लाझ्मातलं पोटॅशियम लगेच मोजा, आणि हिमोलिसिस एका तासाने व 4 अंशांना ठेवून 24 तासांनी पुन्हा मोजा.