पोर्तुगाल बघायचंय? आधी यादीतून स्पेन खोडा

नमस्कार मंडळी! आज पोर्तुगालच्या सहलीची आखणी करायची आहे. सुरुवातच एका अप्रिय सल्ल्याने करते: तुमच्या यादीत लिस्बन, पोर्तोच्या खाली माद्रिद आणि बार्सिलोना लिहिलं असेल, तर ते आत्ताच खोडा.

कारण साधं आहे. दोन्ही देश शेजारी आहेत खरे, पण लिस्बनहून माद्रिदला थेट रेल्वे नाही. एक दिवस विमानतळावर जातो, एक दिवस सामान बांधण्यात आणि सोडण्यात, आणि दहा दिवसांच्या सुट्टीत हाती उरतात ते चार शहरांतले मुख्य चौक. पोर्तुगाल क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही. म्हणून लोकांना वाटतं, चार दिवसांत उरकेल. मला मात्र वाटतं की आपल्या माणसाने, म्हणजे कोकणातल्या, मुंबईच्या, वसईच्या, गोव्याच्या माणसाने, हा देश घाईत बघूच नये. का, ते लिस्बनला पोहोचल्यावर सांगते.

(पडद्यावर नकाशा)

हा नकाशा बघा. देश उभट आहे. वर पोर्तो, मधे लिस्बन, खाली आल्गार्व्हचा किनारा. म्हणून सहलही उभी आखायची, वरून खाली. विमानाचं तिकीट काढताना जायचं पोर्तोला आणि परतायचं लिस्बनहून. दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट अशा कुठल्याही मोठ्या विमानतळावरून जोडविमान मिळतं. बुक करताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा. म्हणजे केलेला रस्ता पुन्हा उलटा करावा लागत नाही.

दहा दिवस असतील तर माझी वाटणी अशी: पोर्तोला तीन रात्री, लिस्बनला पाच, आणि उरलेल्या दोन दक्षिणेत. सातच दिवस असतील तर दक्षिण सोडून द्या. लिस्बनच्या रात्री कमी करू नका.

कधी जायचं? मुलांच्या शाळा असतील तर मे महिना उत्तम. हवा कोरडी, ऊन छान, आणि सूर्य रात्री साडेआठच्या पुढेच मावळतो, त्यामुळे दिवस चांगला लांब मिळतो. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरही सुरेख. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात पडली तर छत्री घ्या, कारण तिथला पाऊस हिवाळ्यातला असतो. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. आलेंतेजू या आतल्या प्रांतात तेव्हा पारा चाळीशी गाठतो आणि समुद्रकाठी अख्खं युरोप उतरलेलं असतं.

आता पोर्तो. विमानतळावरून मेट्रो थेट गावात आणते. साऊँ बेंतू स्टेशनवर गाडी पकडायची नसली तरी आत जा. झोर्झ कोलासू या चित्रकाराने सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगालचा इतिहास रंगवला आहे आणि त्याच्या खालून लोक रोज ऑफिसला जातात. तिथून उतरत रिबैराच्या नदीकाठी यायचं आणि दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून पलीकडे चालत जायचं. 1886 चा लोखंडी पूल आहे, वरून मेट्रो आणि पादचारी, खालून गाड्या. एक पूर्ण दिवस दोरू नदीच्या खोऱ्यासाठी ठेवा. टूरच्या बसपेक्षा पिन्याऊँपर्यंतची साधी रेल्वे घ्या. शेवटचा बराच रस्ता रूळ नदीला अगदी खेटून जातात, आणि समोरच्या डोंगरांवर द्राक्षांचे टप्पे दिसतात. जाताना उजवीकडची खिडकी पकडा.

पोर्तो ते लिस्बन 'आल्फा पेंदुलार' ही वेगवान गाडी तीन तासांच्या आसपास घेते. तिकीट सेपे, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेच्या साइटवरून आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. आणि आईबाबांना नेणार असाल तर लक्षात ठेवा: 65 वर्षांवरच्या प्रवाशांना निम्मं भाडं, ते परदेशी असले तरी. फक्त वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ हवा. तिथे रेल्वेचे संपही होतात, तेव्हा आदल्या दिवशी साइट एकदा बघा. वाटेत कोइंब्रा लागतं. 1290 मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ आणि त्याचं जोआनिना ग्रंथालय. तिथे वटवाघळं राहतात आणि पुस्तकं खाणारे किडे रात्री फस्त करतात! सामान मोठं असेल तर मात्र तिथे एक रात्र राहा. बॅगा ओढत तो चढ चढवत नाही.

आणि आता लिस्बन.

हे शहर समजायला एक तारीख पुरते: 1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चमध्ये गर्दी, आणि मोठा भूकंप झाला. मग आग, मग समुद्राची लाट. नदीकाठचं शहर गेलं. पंतप्रधान मार्केश द पोंबाल याने ते नव्याने आखलं. आज तुम्ही बायशा भागात चालता ते सरळ, काटकोनातले रस्ते त्याचेच. शेजारच्या टेकडीवरचं आल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्या अरबी काळासारख्या वळत-वळत जातात. पहिल्या दिवशी सकाळी बायशा आणि दुपारनंतर आल्फामा असं चाला, दोन्ही काळ पायाखालून जातील. मग कार्मू मठ बघा. त्याचं छत भूकंपात कोसळलं ते पुन्हा पूर्ण बांधलंच नाही, कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत.

चालायला चांगल्या पकडीचे बूट हवेत. पदपथ गुळगुळीत दगडांचे आहेत आणि शिंतोडा पडला की पाय घसरतो. 28 नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना हवी असते, तर मार्तीं मोनिझच्या पहिल्या स्टॉपवरून सकाळी लवकर चढा आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा. खिसेकापू तिथेच उभे असतात.

लिस्बनच्याच बेलें भागाला एक अख्खी सकाळ द्या, पण सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो. जेरोनिमुश मठाचं बांधकाम 1501 मध्ये सुरू झालं, आणि त्याचा पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. मसाल्यांच्या पैशातून. म्हणजे या दगडांत मलबारची मिरी आहे. खांबांवर बघा, जहाजाचे दोर, गाठी, समुद्रातली शेवाळं कोरलेली आहेत. या शैलीचा एक दरवाजा आपल्याकडेही आहे, जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चला. तो आधी बघून गेलात तर इथे ओळख पटेल. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. 8 जुलै 1497 ला तो याच किनाऱ्यावरून निघाला होता. मठाला तिकीट आहे, चर्चला नाही, आणि रांगा वेगळ्या आहेत. जवळच्या बेलें मनोऱ्याचं 2025 मध्ये दुरुस्तीचं काम निघालं होतं, तेव्हा तो खुला आहे का ते आधी तपासा.

यानंतर बहुतेक लोक बेलेंची प्रसिद्ध कस्टर्डची पेस्ट्री खाऊन परततात. पेस्ट्री जरूर खा, 1837 पासूनचं दुकान आहे. पण मी तुम्हाला आणखी दोन ठिकाणी पाठवणार आहे. पहिलं, प्राचीन कला संग्रहालय. तिथे सोन्याचं एक पूजापात्र आहे, 1506 सालचं. पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या राजाकडून गामाने खंडणी म्हणून घेतलेलं सोनं त्यात आहे. बाकी दालनांत भारतातल्या कारागिरांनी पोर्तुगिजांसाठी घडवलेलं फर्निचर, हस्तिदंताच्या मूर्ती. घडवणाऱ्यांची नावं बहुतेक वस्तूंवर नाहीत. म्हणूनच तिथे सावकाश थांबावं असं मला वाटतं.

दुसरं ठिकाण, साऊँ विसेंत द फोरा हा मठ. ब्रगांझा राजघराण्याच्या कबरी इथे आहेत आणि त्यांत एक कॅथरिनची आहे. 1661 च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली ती हिच्या लग्नात! मुंबईकराने इथे जायलाच हवं. मंगळवार किंवा शनिवार निवडा, मठामागच्या मैदानात जुना बाजार भरतो. पोर्तुगिजांच्या याच सत्तेकडून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, आणि रेवदंड्याजवळच्या कोर्लईत आजही पोर्तुगिजातून घडलेली बोली बोलतात. शाळेत एका परिच्छेदात संपलेला हा इतिहास लिस्बनमध्ये दगडातून आणि सोन्यातून समोर येतो. म्हणून पाच रात्री.

त्यातला एक दिवस सिंत्राचा, म्हणजे लिस्बनजवळच्या राजवाड्यांच्या गावाचा. रोसियू स्टेशनवरून रेल्वेने 40 मिनिटं. गाडी भाड्याने घेऊन तिथे जाऊ नका, रस्ते अरुंद आणि पार्किंगचे हाल. पेना राजवाड्याच्या आत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते, आणि बागेच्या दारापासून वाड्यापर्यंत चढून जायला अर्धा तास धरा. बरेच जण बागेच्या दारावरची वेळ समजून उशिरा पोहोचतात. पेना आणि रेगालैरा हा दुसरा वाडा, दोनच जागा ठेवा.

दक्षिणेत एकच निवडा. इतिहास आवडत असेल तर एव्होरा: लिस्बनहून रेल्वेने दीड तास, रोमन देवळाचे खांब, आणि माणसांच्या हाडांनी मढवलेलं चॅपल. मुलं लहान असतील तर ते चॅपल आधी फोटोत बघून ठरवा. समुद्र हवा असेल तर आल्गार्व्हच्या किनाऱ्यावरचं लागुश. गेरूच्या रंगाचे कडे आणि खाली हिरवं पाणी. पाणी थंड असतं हं, गोव्याची अपेक्षा ठेवू नका. त्याच किनाऱ्यावरच्या बेनाजिल या समुद्रगुहेत पोहत जायला 2024 पासून बंदी आहे. त्यापेक्षा मारिन्या किनाऱ्यापासूनची सहा किलोमीटरची कड्यावरची वाट चाला. मला तरी ती गुहेपेक्षा सरस वाटते.

जेवणाचं थोडक्यात. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी रागवत नाही. शाकाहारी मंडळींनी 'सें कार्न, सें पैश' म्हणायला शिका, म्हणजे मांस नको, मासेही नकोत, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो. काल्दू व्हेर्द हे पालेभाजीचं सूप मागवताना 'सें शोरीसू' सांगा, नाहीतर त्यात सॉसेजची चकती असते. फरसबीची भजी मिळतात, पिठात अंडं असू शकतं. गोड पदार्थांत तर बहुतेक अंड्याचा बलक. अगदी आपलं जेवण हवं असेल तर लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या भोजनालयात शाकाहारी थाळी मिळते. मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी तो समाज उभा केला आहे.

शेवटी कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी प्रौढांना 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच अपॉइंटमेंट शोधायला लागा, उन्हाळ्याच्या तारखा झपाट्याने भरतात. अर्ज त्या देशाकडे करायचा असतो जिथे तुमचे सर्वाधिक दिवस जाणार आहेत, म्हणजे स्पेन खोडल्यावर हा प्रश्नच उरत नाही. खर्चात हॉटेलच्या भाड्याशिवाय वेगळा पर्यटन करही धरा: लिस्बनला माणशी रात्रीला 4 युरो, पोर्तोला 3. तुमच्या तारखा आणि बरोबर कोण येणार ते खाली लिहा. आजी-आजोबा येणार असतील तर मुद्दाम लिहा, कारण लिस्बनच्या चढांचा विचार करून हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं ते मी त्यांना वेगळं सांगेन.