आपल्या डोमेनच्या नावानं पत्र कोण पाठवतं?

मंडळी, ईमेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांनी होते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. तेव्हा या जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्करी केंद्रं होती. पाठवणारा खरा की खोटा, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. म्हणूनच कुणीही, कुठल्याही सर्व्हरवरून, तुमच्या बँकेचा किंवा कॉलेजचा पत्ता प्रेषक म्हणून लिहू शकतो. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या (पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावाच्या) सार्वजनिक नोंदवहीतल्या, नोंदी त्यावरचा उपाय म्हणून पुढे आल्या.

प्रत्येक मेलला दोन प्रेषक-पत्ते असतात. एक लिफाफ्यावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात. दुसरा आतल्या लेटरहेडवरचा, जो वाचणाऱ्याला दिसतो. एसपीएफ फक्त लिफाफा तपासतं: पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, त्या डोमेनच्या यादीत आहे का? भामटा लिफाफ्यावर स्वतःचं डोमेन टाकतो, एसपीएफमधून सुखरूप पार होतो, आणि लेटरहेडवर नाव मात्र तुमचं. डीकिम मेलवर डिजिटल सही करतं, पण तीही दुसऱ्याच कुणाच्या डोमेनची असू शकते. डीमार्क इथे कामाला येतं. दोन्हींपैकी निदान एक तपासणी पास हवी, आणि तिथलं डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या डोमेनशी जुळायला हवं. या जुळणीशिवाय पहिल्या दोन नोंदींनी तुमच्या नावाचं रक्षण होत नाही.

नोंदी करताना चुका ठरलेल्या जागी होतात. नवी न्यूजलेटर सेवा घेतली की लोक एसपीएफची दुसरी ओळ टाकतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन दिसल्या की तपासणीच चुकीची ठरते. जुन्याच ओळीत भर घाला, पण एका तपासणीत डीएनएसला विचारणा दहापेक्षा जास्त होता कामा नये, आणि एका ‘इन्क्लूड’च्या (दुसऱ्या सेवेची यादी जोडणाऱ्या शब्दाच्या) पोटातले इन्क्लूडसुद्धा त्यात मोजले जातात. डीकिमची सही तपासायची २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमध्ये ठेवतात, ती २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, तिचे दोन तुकडे करावे लागतात.

खरं काम मात्र यानंतरचं आहे. न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं, हे डीमार्कचं धोरण सांगतं; ते आधी ‘नन’ (काही अडवू नका) ठेवा आणि अहवालांसाठी पत्ता द्या. मेल स्वीकारणाऱ्या मोठ्या सेवा बहुधा रोज एक्सएमएल फाइल पाठवतात: कुठल्या आयपीवरून तुमच्या नावानं किती मेल आले, किती जुळले. त्यात भामटे दिसतात, तसेच तुमचेच विसरलेले पाठवणारेही दिसतात. फी-पावत्या पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म, पगारपत्रकं पाठवणारी बाहेरची कंपनी. आपल्या नावानं कोण कोण लिहितं, याची पूर्ण यादी फार थोड्या संस्थांकडे असते. ती यादी करा, प्रत्येकाची सही जुळवून घ्या, मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी ‘रिजेक्ट’ (घेऊच नका).

घाई का नको? एप्रिल २०१४ मध्ये याहूनं एकदम ‘रिजेक्ट’ लावलं आणि जगभरच्या मेलिंग लिस्टवरची (एकाचं पत्र सगळ्या सदस्यांना पोचवणाऱ्या गटांवरची) याहू सदस्यांची पत्रं परत येऊ लागली. लिस्ट विषयाआधी आपलं नाव जोडते, खाली तळटीप घालते, त्यामुळे सही मोडते. आणि लिफाफा तर लिस्टचाच असतो, म्हणून एसपीएफही जुळत नाही.

पण ‘नन’वर वर्षानुवर्षं बसून राहणं मला त्याहून घातक वाटतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या. याहूनंही मोठ्या प्रेषकांसाठी तसाच नियम केला. त्यात ‘नन’ चालतं, म्हणून पुष्कळजण तिथेच थांबले. ‘नन’ लावलेलं डोमेन चोरी पाहतं, अडवत नाही.

इथे नागरी सहकारी बँकांची मंडळी असतील, त्यांना मुद्दाम सांगतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं. नव्या डोमेनला या नोंदी नव्यानं कराव्या लागतात. जुनं डोमेन मात्र सोडून देऊ नका. ग्राहकांना ओळखीचं आहे ते तेच. तिथून मेल पाठवणं पूर्ण थांबलं, की त्याच्या एसपीएफमधले सगळे सर्व्हर काढून फक्त ‘वजा ऑल’ (कुठल्याच सर्व्हरला परवानगी नाही) ठेवा, डीमार्क ‘रिजेक्ट’ करा, आणि नूतनीकरणाचे पैसे दरवर्षी भरत राहा.