आधी नोंद, मग निवड

नमस्कार, श्रोतेहो.

शाळा संपत आलेल्या मुलाला किंवा मुलीला घरी आलेला प्रत्येक पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो, "मग, पुढं काय करायचं ठरवलंयस?" मूल काहीतरी उत्तर देतं. बहुतेक वेळा ते तेवढ्यापुरतं, वेळ मारून नेण्यासाठी दिलेलं असतं. पण तेच उत्तर चार-सहा वेळा दिलं गेलं की घरच्यांना वाटतं, याचं ठरलंय. आणि हळूहळू त्या मुलालाही वाटायला लागतं की आपलं ठरलंय. विद्यार्थ्यांशी त्यांच्या पुढच्या शिक्षणाबद्दल मी बरीच वर्षं बोलते आहे. आयुष्यातली इतकी मोठी निवड अशी बोलता बोलता होऊन गेलेली पाहिली, की मला फार वाईट वाटतं. म्हणून आज मी एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद.

"आधी स्वतःला ओळख" हा सल्ला मुलांना सगळेच देतात. ओळखायचं कसं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. शांत बसून विचार केला की आपली आवड, आपली कुवत आपल्याला कळेल, अशी आपली समजूत असते. पण स्वतःबद्दलचे आपले अंदाज फार चुकतात.

अभ्यासाचंच बघा. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवत होता आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. आपल्या लक्षात राहील असा जास्त भरवसा वाचणाऱ्यांना होता! पान ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असं वाटतं. "सगळं वाचलं होतं, पण पेपरात आठवलंच नाही," असं रडवेल्या चेहऱ्यानं सांगणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकलेला असतो.

वेळेचंही तसंच. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. आणि सगळं बिनसत गेलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून थोडे जास्तच लागले. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याची कल्पना करूनही ती अपुरीच पडली.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांच्या बाबतीत होतं असं समजू नका. अशा चुकीच्या अंदाजांचा अभ्यास करून पुढे २००२ साली नोबेल मिळवणारे डॅनियल कानमन यांचा स्वतःचा अनुभव आहे. इस्राएलमध्ये ते आणि त्यांचे काही सहकारी शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते, विषय होता निर्णय कसे घ्यावेत! काम कधी संपेल, हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं ठरलं. सगळ्यांनी दोन वर्षांच्या आसपासचा आकडा लिहिला. मग कानमन यांनी गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, तुम्ही असे इतर गट पाहिलेत, त्यांना किती वेळ लागला? तो माणूस थबकला. म्हणाला, सुमारे ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. या गटाला शेवटी आठ वर्षं लागली. गंमत अशी, की चिठ्ठीवर दोन वर्षांच्या आसपासचा आकडा लिहिणाऱ्यांत तो तज्ज्ञही होता. खरी माहिती त्याच्याच डोक्यात होती, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा ती त्याला आठवली नाही.

ज्यांचा व्यवसायच हा, त्यांची ही गत. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं नुसत्या विचारानं स्वतःला ओळखावं, अशी अपेक्षा आपण कशी करायची? त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं. मी वही देते.

साधी, दोनशे पानी वही चालेल. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं तीत लिहायचं. आज काय केलं, त्याला किती वेळ लागेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात किती लागला, मध्येच उठावंसं वाटलं का. आणि अभ्यास केला असेल तर पुस्तक मिटून किती सांगता आलं. फक्त अभ्यासच लिहायचा असं नाही. खेळ, चित्र, कुणाला केलेली मदत, दुरुस्त केलेली सायकल, सगळं येऊ द्यावं. किमान चार आठवडे लिहायचं. चांगलं दिसावं म्हणून एक अक्षरही लिहायचं नाही. आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, ती वही न विचारता उघडू नका. कुणीतरी वाचणार आहे हे कळलं की मूल खरं लिहिणं थांबवतं, आणि मग वहीला काही अर्थ राहत नाही.

अशी एक वही मला चांगली आठवते. मुलगा अकरावीतला. संगणक अभियंता व्हायचं, हे त्याच्याकडून घरात इतक्यांदा ऐकलेलं, की त्यावर कुणी पुन्हा विचारही करत नव्हतं. चार आठवड्यांनी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बघा." प्रोग्रॅमिंगच्या शिकवणीपुढे जवळपास रोज एकच नोंद होती, ठरवला तास, उठलो वीस मिनिटांत. गणितापुढे उलट. ठरवलं अर्धा तास, लागला सव्वा तास, कळलंच नाही. आणि मधूनमधून, कुठल्याही वेळापत्रकात नसलेली एक ओळ, "छोटीला अपूर्णांक शिकवले." ही ओळ मी मोजली, नऊ वेळा होती. एके ठिकाणी त्यानं समासात कागदाच्या पट्टीचं चित्र काढलं होतं, घडी घालून एक तृतीयांश कसा दाखवायचा त्याचं. खाली लिहिलं होतं, "अशी घडी घातल्यावर तिला कळलं. उद्या पाचाचं बघू."

मी विचारलं, "हे शिकवायला कुणी सांगितलं होतं?" म्हणाला, "नाही, असंच." त्या "असंच"पाशी आम्ही दोघंही बराच वेळ थांबलो.

न सांगता, न ठरवता माणूस जिथं पुन्हा पुन्हा जातो, तिथं पाहावं. पुढे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचं उदाहरण मी यासाठी नेहमी देते. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, म्हणून १८२५ साली सोळाव्या वर्षी त्याला एडिंबरा इथं वैद्यक शिकायला पाठवलं. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया त्याला बघवेना, तो अर्ध्यातूनच बाहेर पडला. दोन वर्षांत वैद्यक सुटलं. मग वडिलांनी ठरवलं, धर्मगुरू होऊ दे, आणि त्यासाठी केंब्रिजला पाठवलं. कागदावर पाहिलं तर हा धरसोड करणारा मुलगा. पण त्याचे मोकळे तास पाहा. एडिंबऱ्यात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जॉन एडमनस्टन यांच्याकडून तो पक्ष्यांच्या कातड्यात भर घालून ते टिकवायला शिकला. केंब्रिजमध्ये तो भुंगेरे जमवत असे. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले, दोन हातांत दोन धरले, तेवढ्यात तिसरा दिसला. एक हात मोकळा करायला म्हणून त्यानं हातातला एक तोंडात टाकला! त्या किड्यानं असा काही जळजळीत रस सोडला की जीभ पोळली, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. कुणाच्याही सांगण्यावरून माणूस असं करत नाही.

आता निवडीकडे येऊ. वहीतून एखादी दिशा दिसली म्हणजे लगेच त्या शाखेला प्रवेश घ्यायचा, असं नाही. "पी हळद आणि हो गोरी" असा उतावळेपणा इथं कामाचा नाही. ज्या अभ्यासक्रमाला जावंसं वाटतं, त्याच्या पहिल्या वर्षाचं एक पाठ्यपुस्तक ग्रंथालयातून आणा आणि एक प्रकरण वाचून त्याखालचे प्रश्न सोडवा. सगळे सुटणार नाहीत, सुटावेत अशी अपेक्षाही नाही. अडल्यावर पुन्हा त्या प्रश्नाकडे जावंसं वाटतं का, तेवढं वहीत लिहा. मग तोच अभ्यासक्रम शिकणाऱ्या, शक्यतो दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला भेटा. "कसं आहे रे?" असं विचाराल तर "छान आहे" एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा, "काल दिवसभर काय काय केलंस, सकाळपासून सांग." शाखेच्या नावावरून जे कधीच कळत नाही, ते या एका प्रश्नातून कळतं. मी तर म्हणेन, अशी दोन-तीन माणसं भेटल्याशिवाय अर्जाला हातच लावू नये.

तारखांचं नियोजन उलट बाजूनं करा. अर्जाची शेवटची तारीख लिहा आणि तिथून मागं मोजत या. दाखले, गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेची तयारी. प्रत्येकाला जेवढा वेळ लागेल असं वाटतं, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच धरा. प्रबंधाच्या त्या विद्यार्थ्यांना तेवढाच लागला होता. तुमच्या वहीत तुमचा स्वतःचा आकडा मिळाला असेल तर तोच घ्या, तो अधिक खरा. शिष्यवृत्तीची मुदत वेगळी असू शकते, कधी प्रवेशाच्या आधीच संपते, ती स्वतंत्र बघा. आणि वेळ कमी पडला की मुलं पहिली कात्री झोपेला लावतात. तसं करू नका. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. वेळापत्रकात झोप आधी लिहा, मग बाकीचं.

राहिला घरच्यांचा प्रश्न. तो अवघड आहे, आणि मुलांना सगळ्यात एकटं तिथंच वाटतं.

पुन्हा डार्विनकडे जाते. १८३१च्या ऑगस्टमध्ये त्याला 'बीगल' जहाजावरून सफरीला येण्याबद्दल पत्र आलं. वडिलांनी नकार दिला. पण एक फट ठेवली, समंजस माणूस दाखव जो तुला जा म्हणेल, मग मी परवानगी देईन. डार्विन मामांकडे, जोसाया वेजवुड यांच्याकडे गेला. तिथं त्यानं वडिलांचे आक्षेप एका कागदावर उतरवले, एकूण आठ. ही भलतीच योजना आहे, पुन्हा मार्ग बदलल्यासारखं होईल, यानंतर हा कधी स्थिर होणार नाही, जहाजावर राहण्याची सोय वाईट असेल, असे. मामांनी एकेक आक्षेप घेऊन शांतपणे उत्तर लिहिलं. वडिलांनी शब्द पाळला. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघालं.

मला त्या कागदाचं फार मोल वाटतं. वाद घालताना आक्षेपांचा आवाज चढत जातो. लिहून काढले की ते मोजता येतात, आणि त्यातले किती खरे हेही दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते, आई-बाबांना विचारा की तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते, आणि ते म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मध्ये बोलू नका. उत्तर त्याच दिवशी द्यायची घाई नको.

त्या अपूर्णांकवाल्या मुलानं हे केलं. गणित घेऊन पदवी आणि पुढे शिक्षणशास्त्र, असं त्याच्या मनात येऊ लागलं होतं. वडिलांचे पाच आक्षेप त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहिले. त्यातल्या तीन आक्षेपांची उत्तरं त्याच्याकडे होती. दोन आक्षेपांपुढे त्याला काहीच लिहिता येईना, मिळकत पुरेल का, आणि चार वर्षांनी शिकवण्याचा कंटाळा आला तर काय. वडिलांना वही दाखवताना त्यानं त्या दोन जागा कोऱ्याच ठेवल्या होत्या. वडील बराच वेळ पान बघत राहिले. मग म्हणाले, "या दोन प्रश्नांची उत्तरं आपण दोघं मिळून शोधू." पुढच्या रविवारी बाप-लेक एका निवृत्त गणित शिक्षकांना भेटायला गेले. वही बरोबर होती. या वेळी प्रश्न वडील विचारत होते आणि मुलगा लिहून घेत होता.

नमस्कार.