थरथरत्या पट्टीतली ऊर्जा तारांतून बाहेर काढताना

माझ्यासमोर ॲल्युमिनियमची एक पट्टी शिकंज्यात एका टोकाला घट्ट आवळलेली आहे. तिच्या मुळाशी, शिकंज्याला लागूनच, पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचा पातळ तुकडा इपॉक्सीने चिकटवला असून त्याच्या दोन तारा मोकळ्या सोडल्या आहेत. पट्टीला टिचकी मारली की ती बराच वेळ थरथरत राहते. तारा एकमेकींना जोडून पुन्हा टिचकी मारली, तरी थरथर जवळजवळ तितकीच टिकते. तिसऱ्या खेपेस मात्र तारांमध्ये नेमक्या मूल्याचा रेझिस्टर घातला, आणि पट्टी स्पष्टपणे लवकर शांत झाली.

काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. इथे पट्टी वाकताना सिरॅमिकचा तुकडा ताणला आणि आखडला जातो, आणि तोच भार तारांवर येतो. तारा मोकळ्या असतील तर व्होल्टेज चढते पण प्रवाह नसतो; जोडलेल्या असतील तर प्रवाह वाहतो पण व्होल्टेज उरत नाही. उष्णतेच्या रूपाने ऊर्जा बाहेर पडायला दोन्ही एकाच वेळी हवेत, म्हणून सर्वांत उपयुक्त रोध या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. तुकड्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, १०० नॅनोफॅरड आणि कंपन ५० हर्ट्झचे असेल, तर तो सुमारे ३२,००० ओम भरतो.

तुकडा स्वतःच एक कपॅसिटर असल्यामुळे त्याला इंडक्टर, म्हणजे तारेचे वेटोळे, जोडून विद्युतमंडलाचे अनुस्पंदन (त्याचा स्वतःचा नैसर्गिक झोका) पट्टीच्या कंप्रतेशी, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनसंख्येशी, जुळवता येते. रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९७९ साली अशा शंटचे, म्हणजे तुकड्याच्या तारांना जोडलेल्या ऊर्जा शोषणाऱ्या मंडलाचे, प्रयोग मांडले आणि हॅगुड व फॉन फ्लोटोव यांनी १९९१ साली त्याचे गणित व्यवस्थित बांधले. कागदावर हा उपाय रेझिस्टरपेक्षा फार सरस दिसतो. पण वरच्याच उदाहरणात लागणारा इंडक्टर सुमारे १०१ हेन्रीचा येतो, म्हणजे ज्या पट्टीला शांत करायचे तिच्यापेक्षा वेटोळेच जड व्हायचे! त्यामुळे ऑप-ॲम्प (विजेवर चालणारी प्रवर्धक चिप) वापरून कृत्रिम इंडक्टर करतात. मग वीजपुरवठा आला, आणि जोरदार कंपनात तुकड्याचे व्होल्टेज ऑप-ॲम्पच्या मर्यादेपलीकडे जाण्याची भीतीही आली. शिवाय तापमानाबरोबर तुकड्याची धारिता सरकली की जुळवणी बिघडते. रेझिस्टर कमी शमवतो, पण अशा चुका पोटात घालतो.

माझ्या मते मात्र विद्युतमंडलाची चर्चा गरजेपेक्षा जास्त आणि चिकटवण्याची फार कमी होते. तारा जोडलेल्या आणि मोकळ्या असताना पट्टीची नैसर्गिक कंप्रता मोजून पाहावी. या दोहोंत फरकच दिसत नसेल, तर यांत्रिक ऊर्जा तुकड्यापर्यंत पोचतच नाही, आणि कोणताही साधा शंट तिथे काही करू शकत नाही. बहुतेकदा दोष गोंदाच्या जाड, मऊ थरात किंवा तुकड्याच्या जागेत सापडतो. उदाहरणार्थ, एका टोकाला आवळलेल्या पट्टीच्या दुसऱ्या कंपनप्रकारात (थरथरण्याच्या पुढच्या, जास्त कंप्रतेच्या ढबीत) मुळापासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर वाक उलटा होतो. तुकडा नेमका त्या बिंदूवर दोन्हीकडे सारखा पसरला, तर एका बाजूचा भार दुसरीला छेदतो आणि तारांवर जवळजवळ काहीच येत नाही.

आवाजाच्या बाबतीत या उपायाची गरज कमी कंप्रतेला भासते. १०० हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, ती सच्छिद्र फोमने नीट शोषायची तर पाव तरंगलांबीइतका, म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा थर हवा. पातळ पत्र्यावर सिरॅमिकचे तुकडे चिकटवणे त्या मानाने सुटसुटीत ठरते. पण शंट फक्त पत्र्याच्या अनुस्पंदनाची शिखरे खाली आणतो. त्या शिखरांपासून दूरच्या कंप्रतांवर आवाज पत्र्याच्या वस्तुमानाने किंवा ताठपणाने ठरतो, आणि तिथे तुकडे कितीही वाढवले तरी शंटमुळे फारसा फरक पडत नाही.