एका ट्रॉलीचा भाव

(दृश्य: सकाळ. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव बाजार समितीचं आवार. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा.)

इथे कांदा गोणीतून येत नाही, मोकळा येतो. लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. एक जण ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. वरचा थर सगळेच निवडून लावतात, म्हणून तो खालचा कांदा उपसतो आणि अंगठ्याने मान दाबतो. मान मऊ लागली तर आत सड सुरू झालेली असते. मग पत्ती, म्हणजे वरचं साल, सुटली आहे का, जोडकांदा किती, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, एवढं नजरेनेच बघायचं. बोली चढत जाते, थांबते, आणि सौदापट्टी, ठरलेल्या भावाची चिठ्ठी, शेतकऱ्याच्या हातात पडते. मिनिटाभराचं काम.

हा भाव कुणी ठरवला? अर्थशास्त्राचं पुस्तक सांगतं, मागणी आणि पुरवठा जिथे जुळले तिथे. उत्तर बरोबर आहे, पण त्यात बोली लावणारा दिसत नाही. त्याचा हिशेब आधी बघू. इथले सगळे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत.

समजा दिल्लीच्या घाऊक बाजारात कांदा 2,400 रुपये क्विंटल आहे. वाटेत आणि प्रतवारीत 5 टक्के घट धरली, तर हातात येतात 2,280. गाडीभाडं 400, गोणी आणि हमाली 120, व्यापाऱ्याचं स्वतःचं 60. उरले 1,700. ही त्याची शेवटची बोली. दिल्लीत भाव शंभराने पडला की इथली बोली त्याच सकाळी उतरते. व्यापाऱ्यांनी संगनमत केलं तर भाव पाडता येतो, हे खरं. पण प्रत्येक मंदीचं खापर संगनमतावर फोडलं, तर हा हिशेब नजरेआड होतो.

आता ट्रॉलीवर बसलेल्याचा हिशेब. भाव पटला नाही तर तो माल परत नेऊ शकतो. पण कुठे?

(दृश्य: कांदा चाळ. फटींतून येणारा उजेड.)

चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खाली हवा खेळती राहील असा. कप्पा चार फूट रुंद, कांद्याचा थर पाच फुटांपर्यंत. याहून रुंद किंवा उंच केलं की मधला कांदा तापतो आणि तिथूनच सडायला लागतो. टिकतो तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिल-मेमध्ये निघणारा. खरिपातला लाल कांदा निघाला की विकावाच लागतो. उन्हाळ कांद्याचंही अर्धं टिकणं शेतातच ठरतं. युरिया जास्त झाला, की मान जाड राहते, नीट सुकत नाही. काढणीच्या तोंडावर पाणी तोडलं नाही, तर कोंब आणि सड लवकर येते. पात घाईने उडवली, मानेचा बोटभर तुकडा ठेवलाच नाही, तर बुरशीला दार उघडं.

समजा मे महिन्यात भाव 1,200 आहे आणि ऑक्टोबरपर्यंत 30 टक्के घट येणार आहे. 100 क्विंटल ठेवले तर विकायला उरतील 70. नुसती बरोबरी साधायलाही भाव 1,715 च्या आसपास हवा. व्याज, निवडणीची मजुरी, चाळीचा खर्च याच्या वर. मेमध्ये सोडलेले ते 1,200 रुपये हाच साठवणुकीचा सगळ्यात मोठा खर्च. पुस्तकात त्याला संधी-खर्च म्हणतात. पावती कुणी देत नाही, म्हणून तो वहीत लिहिलाच जात नाही.

चाळीतला कांदा थांबू शकतो, लाल कांदा नाही. म्हणून लाल कांद्याच्या हंगामात त्या दिवसाचा पुरवठा जवळपास उभी रेघ असतो: भाव कितीही असो, माल तेवढाच. आणि घरी कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही, महाग झाला तरी फोडणीतून सुटत नाही. दोन्ही बाजू अशा ताठ असल्या की आवक थोडी हलली तरी भाव उडी मारतो. सणाच्या सुट्टीनंतर बाजार उघडतो आणि साचलेली आवक एकदम येते, तेव्हा हे उघड दिसतं.

सरकारने 8 डिसेंबर 2023 पासून कांदा निर्यात बंद केली, तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. बांगलादेश, मलेशिया, संयुक्त अरब अमिरात इथलं गिऱ्हाईक एका आदेशाने बाहेर गेलं. माल तोच, मागणीची रेघ डावीकडे: त्याच भावाला घेणारे कमी. बंदी उठली 4 मे 2024 ला, पण 40 टक्के निर्यात शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर ठेवून. शहरातल्या ग्राहकाला स्वस्ताई मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिचं बिल कुणी भरलं, ते या रांगेत दिसतं.

मग कांदाच का लावतात?

(दृश्य: त्याच जिल्ह्यातल्या पिंपळगावची द्राक्षबाग. नंतर चांदवडकडचं माळरान.)

समजा पिंपळगावकडच्या एका एकरात 100 क्विंटल द्राक्षं येतात किंवा 100 क्विंटल कांदा. चांदवडकडच्या एकरात 40 क्विंटल द्राक्षं किंवा 80 क्विंटल कांदा, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी लागतं आणि तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. पिंपळगाव दोन्हीत पुढे आहे. तरी तिथे एक क्विंटल कांदा पिकवायला एक क्विंटल द्राक्षं सोडावी लागतात, चांदवडला फक्त अर्धा क्विंटल. कांदा स्वस्तात पिकतो तो चांदवडला. एका क्विंटल द्राक्षाला दीड क्विंटल कांदा असा व्यवहार झाला, तर दोघेही स्वतः पिकवण्यापेक्षा फायद्यात.

तरीही पिंपळगावच्या शिवारात कांदा दिसतोच. सगळी जमीन बागेच्या कामाची नसते, आणि थंडीत मण्यांची विरळणी व कांद्याची लागण एकाच मजुरावर येऊन पडते. शेवटचा एकर बागेखाली घ्यायला पहिल्या एकरापेक्षा जास्त काही सोडावं लागतं. शिवाय बाग दर वर्षी बदलता येत नाही, कांदा येतो.

नेमकं तिथेच घोडं अडतं. उन्हाळ कांद्याचं बी ऑक्टोबरच्या सुमारास वाफ्यात पडतं, एकरी तीन-चार किलो. रोप सात-आठ आठवड्यांनी शेतात जातं, कांदा निघतो एप्रिलमध्ये. बी किती टाकायचं हे ऑक्टोबरच्या भावावर ठरतं, आणि तो भाव असतो चाळीतल्या शिल्लक मालाचा. तेजी बघून सगळ्यांनीच वाफे वाढवले की एप्रिलमध्ये ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर जाते. पडत्या भावात वाफे आटले की पुढचं वर्ष उलटं.

(दृश्य: पुन्हा आवार. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. कुणीतरी ढिगात हात घालतो.)