कोटीची गाडी घेताय, पण गिअर कोण टाकणार?

[रविवार, सकाळचे सहा. चांदणी चौकाच्या पुढे, रस्त्याच्या कडेला.]

नमस्कार मंडळी. मागून ट्रकचा आवाज येतोय, तो सहन करा. आजचा विषय स्टुडिओत बसून बोलण्यासारखा नाही.

बाणेरच्या एका डॉक्टरांचा मेसेज आलाय. तीनच ओळी. "बीएमडब्ल्यू एम टू घ्यायचं ठरलंय. मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक? शोरूममधला मुलगा म्हणतो, सर, मॅन्युअल आता कोण घेतं हो?"

डॉक्टर, त्याला उलट विचारायचं होतंत, की मग कंपनीने ती ठेवलीये कशाला? २०२३ साली ही एम टू स्पोर्ट्स कार आपल्याकडे आली ९८ लाखांना, एक्स-शोरूम. त्यात आठ गिअरचा ऑटोमॅटिक आपोआप मिळतो. सहा गिअरचा मॅन्युअल हवा असेल तर तो वेगळा सांगून घ्यायचा. आपण आयुष्यभर ऑटोमॅटिकसाठी जास्तीचे पैसे मोजत आलो, आणि एक कोटीच्या घरात पोचल्यावर क्लचचं पेडल ही चैनीची वस्तू होते. गंमत आहे की नाही?

आता आधी एक घोळ निस्तरू. ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्या डोक्यात येतो तो झटका. गिअर बदलताना गाडी मान डोलावते ना, तो. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणला आणि घराघरांत ऑटोमॅटिक पोचला. पण एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. तुमच्या पायाऐवजी एक यंत्र क्लच दाबतं आणि हाताऐवजी गिअर टाकतं. स्वस्त आहे, कामाचा आहे, पण त्याच्या अनुभवावरून स्पोर्ट्स कारच्या ऑटोमॅटिकला नावं ठेवू नका. दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत.

महागड्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला टॉर्क कन्व्हर्टर. डब्यात ताक घुसळताना बघितलंय? रवी फिरते आतल्या ताकात, पण डबा गुळगुळीत फरशीवर असेल आणि आईने तो पायाने धरला नसेल, तर थोड्या वेळाने डबाच फिरायला लागतो. रवीचा डब्याला स्पर्शही नाही. मधल्या ताकाने जोर पोचवला. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये रवी म्हणजे इंजिन, डबा म्हणजे गिअरबॉक्स आणि ताकाच्या जागी तेल. म्हणून ब्रेकवरचा पाय काढला की गाडी अलगद सरकते, आणि ब्रेक दाबून उभी केली तर इंजिन बंद पडत नाही. वेग आला की आतला एक क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून टाकतो, मग ताक घुसळणं बंद.

दुसरा ड्युअल क्लच. लग्नाच्या पंगतीत एक वाढपी भात वाढत असतो, तेव्हा दुसरा वरणाचं भांडं घेऊन मागे तयारच असतो. पहिला सरकला की दुसरा पुढे. पानावर कोणी ताटकळत नाही. इथे एका क्लचकडे १, ३, ५ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. बदल व्हायला डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही. पोर्शे त्याला पीडीके म्हणते. त्यांनी १९८०च्या दशकात रेसच्या गाड्यांत तो घासूनपुसून घेतला आणि २००८ मध्ये रस्त्यावरच्या ९११ मध्ये बसवला.

आणि हो, डॉक्टर, तुमच्या एम टूमध्ये ड्युअल क्लच नाही. आधीच्या पिढीत होता. बीएमडब्ल्यूने तो काढून परत टॉर्क कन्व्हर्टर आणला, कारण तो आता इतका चपळ झालाय की दोन क्लचची कटकट कशाला.

मग जलद कोण? यात वादच नाही. नव्या एम टूला ० ते १०० जायला ऑटोमॅटिकमध्ये ४ सेकंद, मॅन्युअलमध्ये ४.२. आणि त्यातही मॅन्युअलला इंजिनाचा जोर मुद्दाम कमी दिलाय, ६०० ऐवजी ५५० न्यूटन मीटर. पोर्शे ९११ जीटी ३, म्हणजे ९९२ पिढीची, बघा: पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. अर्धा सेकंद! ट्रॅकवर अर्धा सेकंद म्हणजे पुढची गाडी दिसेनाशी होते. आणि हा आकडा कंपनीच्या कसलेल्या ड्रायव्हरचा. तुमचा-माझा मॅन्युअलचा आकडा विचारूच नका.

[पाण्याचा घोट.]

हे सगळं सुरू कुठून झालं, तेही सांगतो. १९८९, ब्राझील, फॉर्म्युला वनची मोसमातली पहिली शर्यत. डिझायनर जॉन बर्नार्ड यांनी फेरारीसाठी स्टिअरिंगमागे दोन पाती बसवली होती. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. चाचण्यांत तो गिअरबॉक्स सारखा बिघडत होता, टिकेल यावर कोणाचाच भरवसा नव्हता. फेरारीचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल त्याच गाडीत ती शर्यत जिंकला. आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, तीच पाती फेरारीच्या रस्त्यावरच्या ३५५ मध्ये आली. तिथून पुढे गिऱ्हाइकांनीच मॅन्युअलकडे पाठ फिरवली. आज फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन यांच्या नव्या गाडीत क्लचचं पेडल शोधून सापडणार नाही.

पोर्शेचंही तसंच होणार होतं. २०१३ ची जीटी ३ फक्त पीडीकेमध्ये आली. जलद होती, सगळ्या आकड्यांत सरस होती, आणि जुने चाहते नाराज. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, मोजून ९९१ गाड्या. हातोहात गेल्या, आणि दुसऱ्या हाताच्या किमती मूळ किमतीच्या कुठल्या कुठे पोचल्या. २०१७ मध्ये जीटी ३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय गुपचूप परत. हळू गाडीसाठी लोक रांग लावतात, हे कुठल्या कॅल्क्युलेटरवर बसणार?

माझं उत्तर असं की ते आकडे आपल्या रस्त्यांवर वापरताच येत नाहीत. एक्स्प्रेसवेला सपाट भागात मर्यादा ताशी १०० ची. मॅन्युअल एम टू दुसऱ्याच गिअरमध्ये शंभर ओलांडते. दुसऱ्या! म्हणजे कायद्यात राहून तुमच्या वाट्याला येतो पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि मग नुसतं बसून राहणं. आणि कायद्याबाहेर जाण्याबद्दल पुण्यात बोलायची सोय नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यानंतर या शहरात भारी गाडीच्या वेगाचं कौतुक करताना जीभ अडखळायला हवी. माझी अडखळते.

म्हणून मी डॉक्टरांना विचारतो, ताशी ४० ला गाडी काय देते? आधुनिक ऑटोमॅटिक ४० ला काहीच देत नाही. तो वरच्या गिअरमध्ये निवांत झोपलेला असतो. त्याची खरी कमाल दिसते दीडशेच्या पुढे, लाल रेषेजवळ, म्हणजे इंजिन कमाल फिरतं तिथे. मॅन्युअलची मजा ४० लाही तेवढीच आहे. ताम्हिणी घाटात वळण येतंय, ब्रेक, क्लच, तिसऱ्यातून दुसऱ्यात, आणि मध्ये उजव्या पायाने किंचित रेस दिली की गिअर लोण्यासारखा बसतो. नाही दिली की गाडी झटका देऊन तुमची लायकी दाखवते.

ही मधली रेस म्हणजे काही जर्मन शोध नव्हे बरं. जुन्या कात्रज घाटात एसटीचे ड्रायव्हर हेच करायचे. क्लच, न्यूट्रल, रेस, परत क्लच, खालचा गिअर. डबल क्लच. कानाने इंजिन ऐकून, मागे पन्नास माणसं आणि टपावर कोंबड्या. आता एम टूच्या मॅन्युअलमध्ये ती रेस कॉम्प्युटर आपोआप देतो. एक कोटीची गाडी, आणि एसटीच्या ड्रायव्हरचं कसब तिला सॉफ्टवेअरमधून आणावं लागतं. ते बंद करता येतं. बंद करा. चुकू द्या.

मी स्वतः गिअर शिकलो वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीवर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असायचा ती. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे पीएमटीची बस. वडील शेजारी बसून एकच वाक्य बोलले, "घाई कोणाला आहे?" मला होती, बसवाल्याला होती. त्यांना नव्हती. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी चढावर तोलून धरणं, काय असतं ते त्या दिवशी पायाला कळलं.

आता दुसरी बाजू. ती छोटी नाही.

संध्याकाळी साडेसहाला औंधवरून शिवाजीनगरला या. विद्यापीठ चौक. मॅन्युअल स्पोर्ट्स कारचा क्लच हलका नसतो, कारण एवढा जोर पेलायला आतली स्प्रिंगच तगडी लागते. पंचेचाळीस मिनिटांत किती वेळा दाबाल? डाव्या गुडघ्याला विचारा. डॉक्टरांना मी काय सांगणार, ते अस्थिरोग तज्ज्ञच आहेत.

आणि आपले स्पीड ब्रेकर! पुण्यात सोसायटीगणिक एक, उंची ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे, पांढरा पट्टा असला तर नशीब. ही गाडी जमिनीला टेकलेली. ब्रेकरवर ती तिरकी घालावी लागते, एकेक चाक चढवत, मुंगीच्या चालीने. इथे टॉर्क कन्व्हर्टर राजा. ताक घुसळत अलगद वर, अलगद खाली. ड्युअल क्लचला हेच काम जड जातं, कारण तिथे तेल जोर पोचवत नाही, क्लचच्या प्लेटा घासत राहतात आणि तापतात. कोरड्या क्लचला त्रास जास्त, तेलात बुडालेल्याला कमी. ड्युअल क्लचवाल्यांनो, रांगेत इंच-इंच सरकू नका. पुढे गाडीभर जागा झाली की मग जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. मॅन्युअलवाल्यांनी हाफ क्लचवर चढावर ताटकळू नये, वास आला म्हणजे पैसे जळतायत.

देखभालीचं थोडक्यात. मॅन्युअलमध्ये क्लच हा झिजणारा भाग आहे, कधीतरी बदलायचाच. ऑटोमॅटिकचं तेल "आयुष्यभर चालतं" असं कोणी सांगितलं तर हसून मान डोलवा. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. ज्याने बनवला त्याचं ऐकावं.

तर डॉक्टर. तुमच्या मेसेजमध्ये काही गोष्टी नव्हत्या, त्या मी फोन करून विचारल्या. घरात आणखी गाडी आहे का? आहे, एक ऑटोमॅटिक एसयूव्ही, हॉस्पिटलला तीच जाते. मग एम टू कधी निघणार? "रविवारी पहाटे, आणि एखाद्या रात्री झोप नाही आली तर." मग माझ्या दृष्टीने विषय संपला. मॅन्युअल घ्या. हीच गाडी रोज हिंजवडीला जाणार असती तर मी तुम्हाला क्लचच्या जवळपासही फिरकू दिलं नसतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. रोज रडत चालवलेल्या मॅन्युअलपेक्षा आनंदाने चालवलेला ऑटोमॅटिक शंभर पटींनी बरा.

फक्त टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी साडेसहाला मागा. शोरूमवाला कुरकुर करेल. मॅन्युअलची गाडीच नाही म्हणाला, तर थांबा, पण ऑटोमॅटिक चालवून मॅन्युअल बुक करू नका. सीट, पेडलमधलं अंतर, क्लच कुठे पकडतो, हे पायानेच कळतं. तुमचे नेहमीचे बूट घालून जा.

शेवटचा प्रश्न मी विचारला होता, गाडी अजून कोण चालवणार? डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, बायको चालवेल, म्हणून तर ऑटोमॅटिकचा विचार होता. मागून बाईंचा आवाज आला, फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं.

"माझ्या नावावर ढकलू नका. मी बाबांची जीप शिकलेय साताऱ्यात. हाफ क्लच यांनाच येत नाही."

[हसू. कॅमेऱ्यामागून कोणीतरी: "कट करू?"]

नको, राहू दे. चला, ऊन व्हायच्या आत ताम्हिणी गाठायचीये.